न्यायाधीश शेजारच्याच घरातला

अमेरिकेत विद्यापीठाच्या गावात एक रस्ता हमखास असा असतो, जिथे मोठमोठ्या जुन्या घरांच्या दर्शनी भागावर ग्रीक अक्षरं लावलेली दिसतात. पांढरे खांब, पुढे हिरवळ, आणि शुक्रवार दुपारपासूनच हिरवळीवर मांडलेलं टेबल आणि लाल प्लॅस्टिकचे पेले. ही फ्रॅटर्निटीची घरं; फ्रॅटर्निटी म्हणजे मुलग्यांचं, सदस्य निवडून घेणारं मंडळ. १८२५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात कप्पा अल्फा सोसायटी निघाली, तिथून आजच्या फ्रॅटर्निटीचा वंश मोजतात. दोनशे वर्षं झाली. घरात राहणारी मुलं अठरा ते बावीस वर्षांची. भाडं तीच गोळा करतात, आचारी तीच ठेवतात, नवे सदस्य तीच निवडतात, चुकलेल्या भावाला (सदस्य एकमेकांना भाऊच म्हणतात) दंड तीच ठोठावतात. एखाद्या अख्ख्या घरानेच नियम मोडला, तर निवाड्यासाठी सगळ्या घरांच्या प्रतिनिधींची मिळून एक इंटरफ्रॅटर्निटी कौन्सिल असते. तिचं स्वतःचं न्यायमंडळ असतं आणि त्यातही विद्यार्थीच बसतात.

याला तिथे अभिमानाने स्वशासन म्हटलं जातं. विद्यार्थ्यांनी आपला कारभार आपण पाहावा, या मताचा मी पक्का आहे. घर चालवणं त्यांच्याकडेच राहावं. पण घरात कुणाला इजा झाली तर तिचा निवाडा त्यांच्याकडे एक दिवसही राहू नये, असं माझं म्हणणं आहे. ही दोन कामं एकाच हातात ठेवल्याने काय होतं, ते पेन स्टेट विद्यापीठात दिसलं.

२ फेब्रुवारी २०१७ची रात्र. बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीत नव्याने निवडलेल्या मुलांचा स्वागताचा कार्यक्रम होता. घरात कॅमेरे होते, त्यामुळे काय घडलं ते जवळजवळ मिनिटामिनिटाने कोर्टापुढे आलं. नव्या मुलांनी रांगेने एकेका ठिकाणी थांबायचं, तिथे व्होडका, पुढे बिअर, त्यापुढे वाइन, असं घशाखाली घालत पुढे सरकायचं. सरकारी वकिलांनी मांडलेल्या हिशेबानुसार टिमथी पियाझा या १९ वर्षांच्या मुलाला ८२ मिनिटांत १८ वेळा दारू दिली गेली. रात्री पावणेअकराच्या सुमारास तो तळघराच्या जिन्यावरून डोक्यावर पडला. चार जणांनी त्याला उचलून वर आणलं, कोचावर टाकलं. मग त्याच्या पाठीला पुस्तकांनी भरलेली सॅक अडकवली. झोपेत उताणा झाला आणि उलटी घशात अडकली तर गुदमरेल, म्हणून. एक मुलगा म्हणाला, याला दवाखान्यात न्यायला हवं. त्याला भिंतीवर ढकललं गेलं. सकाळी पियाझा तळघरात थंड पडलेला सापडला, तेव्हाही सुमारे चाळीस मिनिटं त्याला कपडे चढवणं आणि इंटरनेटवर लक्षणं शोधणं चाललं होतं. मदतीचा फोन गेला तो पावणेअकराला. म्हणजे पडल्यापासून बारा तासांनी. ४ फेब्रुवारीला तो गेला.

त्या सॅककडे जरा थांबून पाहावं. पोरं अजाण होती, घाबरली, त्यांना काही सुचलं नाही, असा बचाव अशा प्रत्येक प्रकरणात होतो. घाबरलेल्या माणसाला सॅकची युक्ती सुचत नाही. ती आधी कुणीतरी शिकवलेली असते, आधी वापरलेली असते. बेशुद्ध मुलगा उलटीने मरू शकतो हे त्या घराला पुरेपूर ठाऊक होतं. त्यावरचा घरगुती तोडगाही तयार होता. फक्त फोन करण्याची पद्धत नव्हती.

आणि नियमांचा दुष्काळ होता म्हणावं, तर तेही नाही. या घरात दारूला बंदी होती. देखरेखीला एक प्रौढ सल्लागार तिथेच राहत होता. कौन्सिलच्या वतीने पार्ट्यांची तपासणी करणारे खासगी सुरक्षारक्षक होते. कॅमेरे होते. कागदावर पाहिलं तर देशातल्या उत्तम घरांत त्याची गणना व्हावी. तरीही त्या रात्री आत असलेल्या प्रत्येकाला आपण कुणाला उत्तर देणार आहोत याची पक्की कल्पना होती, आणि त्या यादीत जिन्यावरून पडलेला मुलगा नव्हता.

याचं कारण मला त्या पोरांच्या वयापेक्षा रचनेत दिसतं. न्यायमंडळावर बसणारा मुलगा पलीकडच्या घरातला. गेल्या शनिवारी तो याच घरात नाचून गेलाय, पुढच्या शनिवारी यांना त्याच्या घरी आमंत्रण आहे. आज त्याने हे घर सत्रभर बंद केलं, तर पुढच्या सत्रात त्याच्या घराची पाळी येईल तेव्हा समोर बसलेले हेच असतील. दोघांच्याही तळघरात तेच चालतं आणि दोघांनाही ते माहीत असतं. अशा वेळी जे होतं ते आपल्याला नवीन नाही: तेरी भी चूप, मेरी भी चूप. शिक्षा होतात, नाही असं नाही. आवाज फार झाला, परवानगीपेक्षा पाहुणे जास्त आले, नोंदवही भरली नाही. किरकोळ गुन्ह्यांवर कडक आणि मोठ्यांबाबत आंधळं असं न्यायमंडळ बाहेरून फार कार्यक्षम दिसतं.

आता तक्रार कोण करणार ते बघा. नवा मुलगा, ज्याला प्लेज म्हणतात, त्याला मत नसतं. त्याने गुप्ततेची शपथ घेतलेली असते. त्याला हवं असतं ते सदस्यत्व, आणि तक्रार केली की ते गेलंच. त्याच्याबरोबरच्या दहा-पंधरा जणांचंही जातं, म्हणून तेही त्याच्यावर उलटतात. दुसरा बाधित वर्ग मुलींचा. सोरोरिट्या म्हणजे मुलींची अशीच मंडळं. त्यांच्या राष्ट्रीय संघटना आपल्या घरांत दारू ठेवू देत नाहीत. त्यामुळे पार्टी व्हायची ती मुलांच्याच घरी. दार त्यांच्या ताब्यात, पेला त्यांच्या ताब्यात, वरच्या खोल्या त्यांच्या ताब्यात. सोरोरिट्यांची परिषद वेगळी, तिचं मुलांच्या कौन्सिलपुढे काही चालत नाही. कारभाराचे चटके ज्यांना बसतात ते मतदारयादीतच नाहीत.

आपल्याकडच्या हॉस्टेलची मेस आठवा. मुलांनी निवडलेली मेस कमिटी भाजीवाल्याचा हिशेब ठेवते, महाराजाशी भांडते, महिन्याचं बिल लावते. कुरबुरी असतात, पण बहुतेक ठिकाणी ते चालतं. कारण पातळ वरण ज्याच्या ताटात पडतं तोच कमिटी निवडतो आणि पुढच्या महिन्यात बदलतो. फ्रॅटर्निटीच्या स्वशासनात नेमकी हीच साखळी तुटलेली आहे.

दारूच्या कायद्यानेही यात भर घातली. १९८४ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने राज्यांवर निधीचा दबाव आणून दारू विकत घेण्याचं किमान वय २१ करायला लावलं. कायद्यामागचा हेतू रस्त्यावरचे अपघात कमी करण्याचा होता. पण विद्यापीठातली निम्म्याहून जास्त मुलं त्या वयाच्या आतली. उघड्यावर, बारमध्ये, प्राध्यापकांच्या देखत होणारं पिणं खासगी घरांकडे सरकलं. ज्यांच्याकडे मोठं घर आणि २१ ओलांडलेले चार भाऊ होते, त्यांच्या हाती गावाच्या करमणुकीच्या किल्ल्या आल्या. एवढी सत्ता हाती असलेल्या गटाने स्वतःच स्वतःची चौकशी करावी, ही अपेक्षाच जरा भाबडी आहे.

मग विद्यापीठं दोनशे वर्षं हे का चालू देतात? परंपरा, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या ही कारणं आहेतच. पण खरी ग्यानबाची मेख कायद्यात आहे. जुन्या काळी अमेरिकी कॉलेज म्हणजे विद्यार्थ्याचा पालक मानलं जाई. साठच्या दशकात विद्यार्थी चळवळींनी आणि कोर्टांनी ते मोडीत काढलं. ते योग्यच झालं. पण त्यानंतर जबाबदारीचा प्रश्न अधांतरी राहिला. १९९१ साली डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्युरेक खटल्यात सांगितलं, की रॅगिंगविरुद्ध नियम करून विद्यापीठाने लक्ष घालायला घेतलं असेल, तर मुलाला इजा झाल्यावर त्याला सरसकट हात झटकता येणार नाहीत. त्या प्रकरणात एका मुलाच्या अंगावर ओव्हन साफ करायचं रसायन ओतलं गेलं होतं, कातडी भाजली होती. निकाल न्याय्य होता. अनेक विद्यापीठांच्या वकिलांनी मात्र त्यातून उलटा धडा घेतला असावा असं त्यानंतरच्या वागण्यावरून वाटतं: जेवढं कमी पाहाल तेवढं कमी देणं लागाल. मुलांचं स्वशासन इथे भलतंच उपयोगी पडतं. राष्ट्रीय संघटना म्हणते, आमचे नियम कडक आहेत, स्थानिक शाखेने ते मोडले. विद्यापीठ म्हणतं, निवाडा कौन्सिलचा. घराच्या मालकीची माजी सदस्यांची कंपनी म्हणते, आम्ही फक्त घरमालक. सगळे बाजूला झाल्यावर मध्ये उरतो तो वीस वर्षांचा शाखाध्यक्ष. स्वातंत्र्य म्हणून त्याला जे दिलं होतं, ते खटल्याच्या दिवशी नुसतं ओझं निघतं. मला या मुलांचा राग येतो तसाच या मोठ्या माणसांचाही येतो, किंबहुना यांचा जास्त.

पियाझाच्या मृत्यूनंतर २०१७च्या जूनमध्ये पेन स्टेटने फ्रॅटर्निट्यांच्या शिस्तभंगाची चौकशी कौन्सिलकडून काढून स्वतःकडे घेतली. लोकांना हायसं वाटलं. मला अर्धंच वाटतं. हेच ते विद्यापीठ, जिथे माजी सहायक फुटबॉल प्रशिक्षक जेरी सॅन्डस्की याचे लहान मुलांवरचे अत्याचार २०११ साली बाहेर आले. २००१ सालची तक्रार वरिष्ठांपर्यंत पोचूनही पोलिसांपर्यंत गेली नव्हती, आणि तेव्हाच्या विद्यापीठ अध्यक्षांना मुलांना धोक्यात घातल्याबद्दल पुढे कोर्टाने दोषी ठरवलं. संस्थाही आपलं नाव जपते. फ्रॅटर्निटीच्या तळघराला दार एकच असतं, विद्यापीठाच्या कार्यालयांना डझनभर असतात, पण ती सगळी बंद करता येतात.

आणि विद्यापीठाचा थेट ताबा असला म्हणजे रॅगिंग होत नाही, हाही भ्रमच. फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचं मार्चिंग बँड हे कुणा मुलांच्या मंडळाचं नव्हतं. ते विद्यापीठाचं अधिकृत पथक, त्याला पगारी संचालक. नोव्हेंबर २०११मध्ये ऑर्लँडोत सामन्यानंतर उभ्या बसमध्ये त्या पथकाच्या एका ड्रम मेजरला सहकाऱ्यांनी मारहाण करत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेलं. तो त्यातच मेला. तेव्हा मुलांकडून काढून प्रशासनाला द्या, एवढ्याने भागत नाही.

उलट विद्यार्थ्यांनी कठोर निवाडे करून दाखवल्याचं उदाहरण त्याच देशात आहे. व्हर्जिनिया विद्यापीठाची प्रामाणिकपणाची संहिता १८४२पासूनची. खोटं बोलणं, नक्कल, चोरी यांचे खटले विद्यार्थीच चालवतात, आणि २०२२पर्यंत दोषी ठरलेल्याला शिक्षा एकच होती: कायमची हकालपट्टी. त्या शिक्षेबद्दल माझे आक्षेप आहेत. काही गटांतल्या मुलांवरच ती जास्त पडते असा आरोप वर्षानुवर्षं होता आणि शेवटी विद्यार्थ्यांनीच मतदानाने ती बदलली. पण पंच म्हणून सगळ्या विद्यापीठातून चिठ्ठ्या टाकून विद्यार्थी निवडायची जी पद्धत तिथे होती, ती लक्षात घेण्यासारखी आहे. आरोपीच्या मित्रमंडळाबाहेरचा, त्याच्या घरच्या पार्टीवर अवलंबून नसलेला विद्यार्थी निर्भयपणे निवाडा देतो. वीस वर्षांचं वय त्याच्या आड येत नाही.

म्हणून माझं मागणं सोपं आहे. घर, जेवण, पैसा, सदस्य निवडणं, समारंभ हे सगळं त्या मुलांचंच. इजा, जबरदस्ती आणि लैंगिक अत्याचार यांच्या तक्रारी कौन्सिलपुढे जाताच कामा नयेत. गुन्हा असेल तर पोलीस. शिस्तीचा भाग उरेल त्यासाठी अशा मंडळापुढे, ज्यात फ्रॅटर्निटीत नसलेले विद्यार्थी बहुसंख्य असतील, मुली असतील आणि प्रशासनाची माणसं अल्पसंख्य असतील. निर्णय घराच्या नावानिशी जाहीर व्हावेत, व्यक्तींची नावं गाळून. आणि ज्याने मदतीसाठी फोन केला त्याला स्वतः प्यायल्याबद्दल शिक्षा नको. पेन्सिल्व्हेनियाने २०१८ साली पियाझाच्या नावाने केलेल्या कायद्यात फोन करणाऱ्याला हे संरक्षण आहे, गंभीर रॅगिंगला जबर शिक्षा आहे, गरज पडली तर घर जप्त करण्याचीही सोय आहे. घरजप्तीचं कलम मला विशेष पटतं. कारण घराची मालकी माजी सदस्यांकडे असते, आणि तोवर 'आमच्या वेळीही असंच होतं' म्हणून हसणारे हे काका लोक त्या कलमाने जागे होतात.

प्लेज हा प्रकारच संपवता येतो का, हेही पाहिलं गेलंय. सिग्मा अल्फा एप्सिलॉन या मोठ्या फ्रॅटर्निटीने मार्च २०१४मध्ये उमेदवारीचा काळ रद्द केला. निवडलं की मुलगा काही दिवसांत पूर्ण सदस्य, त्याला मत. या संघटनेच्या तक्रारी त्याने थांबल्या नाहीत, तिचं नाव पुढेही वाईट कारणांसाठी बातम्यांत येत राहिलं. तरी दिशा बरोबर होती असं मी म्हणेन. मताधिकार नसलेला माणूस घरात ठेवायचाच नाही, ही स्वशासनाची पहिली अट नको का?

फ्रॅटर्निट्या बंदच करून टाका म्हणणाऱ्यांची बाजूही कमकुवत नाही. विल्यम्स कॉलेजने १९६२ साली त्या हटवायला घेतल्या, बोडनने १९९७ साली. दोन्ही कॉलेजं छोटी. घरं स्वतःकडे घेऊन मुलांच्या राहण्याची, जेवण्याची, एकत्र येण्याची सोय त्यांनी स्वतः केली, म्हणून ते निभलं. चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या सरकारी विद्यापीठात, जिथे घरं खासगी जमिनीवर आणि संघटनास्वातंत्र्य घटनेने दिलेलं, तिथे बंदी सोडाच, नुसत्या अटी घातल्या तरी काय होतं ते कोलोरॅडोत दिसतं. बोल्डरला २००४ साली एका नव्या मुलाचा दारूने बळी गेल्यावर विद्यापीठाने अटी घातल्या: सदस्य निवड पहिल्या सत्रात नको, प्रत्येक घरात प्रौढ व्यक्ती राहावी. फ्रॅटर्निट्यांनी सही केली नाही. २००५ साली त्या विद्यापीठापासून वेगळ्या झाल्या आणि आपलं स्वतंत्र कौन्सिल चालवू लागल्या. घरं तीच, रस्ता तोच, मुलंही त्याच विद्यापीठाची. २०२१ साली ड्यूकच्या काही फ्रॅटर्निट्यांनी तीच वाट धरली.

हे सगळं मराठीत लिहिण्याचं कारण विचाराल, तर न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत गणेशोत्सवाच्या मंडपात सध्या जी पिढी ढोल वाजवते, ती या घरांच्या दारात उभी आहे. दक्षिण आशियाई मुलांच्या स्वतःच्या फ्रॅटर्निट्याही आता आहेत. सिग्मा बीटा रो १९९६ची, डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ची, बीटा काय थीटा १९९९ची. 'आपलीच मुलं आहेत, तिथे काय होणार' हे वाक्य आईवडिलांच्या तोंडी येतं. आपला तो बाब्या, दुसरं काय. मंडळ आपल्या माणसांचं आहे म्हणून निवाडा आपोआप न्याय्य होत नाही, उलट तक्रार करणं आणखी जड जातं. कारण मग ती समाजाची बदनामी ठरते.

इकडे महाराष्ट्रात आजार उलटा आहे. १९९९ साली रॅगिंगबंदीचा कायदा झाला, २००९ साली यूजीसीचे नियम आले, दरवर्षी विद्यार्थी आणि पालक प्रतिज्ञापत्र भरतात. पण विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात हिंसाचाराचं कारण देऊन बंद झाल्या, आणि २०१६च्या कायद्यात तरतूद येऊनही त्या रखडतच राहिल्या. आपल्या मुलांना कारभारही नाही आणि निवाडाही नाही. त्यामुळे अमेरिकेतली प्रकरणं वाचून 'बघा, पोरांच्या हाती दिलं की असं होतं' म्हणणाऱ्या प्राचार्यांना मी एवढंच विचारेन, की तुमच्या समितीत हॉस्टेलमधली पहिल्या वर्षाची किती मुलं आहेत, आणि ती बोलतात का.

डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेत कॅम्पसवरच्या रॅगिंगविरुद्धचा केंद्रीय कायदा झाला. कोणत्या संघटनेने काय केलं आणि तिला काय शिक्षा झाली, हे विद्यापीठांना आता आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. मी वर जे मागितलं त्यातला मोठा भाग यात आहे. एक भगदाड मात्र राहिलं आहे: संघटनेच्या नावानिशी छापायचा हा अहवाल विद्यापीठाने मान्यता दिलेल्या संघटनांपुरताच आहे. बोल्डरसारखं मान्यता सोडून जे बाहेर पडले, त्यांची नावं त्यात येण्याचं बंधन नाही. म्हणजे नियम जितके कडक तितका बाहेर पडण्याचा मोह मोठा, आणि बाहेर पडलं की पाटी कोरी. ते भगदाड बुजवायला संसदेची वाट पाहण्याचं कारण नाही. घराला पत्ता असतो. त्या पत्त्यावर पोलीस किती वेळा आले, रुग्णवाहिका किती वेळा आली, याची नोंद शहराकडे असते. विद्यापीठाने ती दर सत्राला मागून घ्यावी आणि सदस्य निवडीचा हंगाम सुरू होण्याआधी पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठवावी. स्वतंत्र झालेल्या कौन्सिलांना आपलं स्वशासन खरंच चालतं असं वाटत असेल, तर ती यादी त्यांनीच आधी छापावी.